छकुलीला विमानातून उतरवा

मेघनाबाई ओहोळांपुढं ‘आनंददायी शिक्षण’ हा शब्द काढायची सोय नव्हती. सत्त्याण्णवच्या भर मे महिन्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये कोंडून, सरकारनं त्यांना तो आनंद बारामतीत शिकवला होता. गोल करून टाळ्या वाजवायच्या, कागदाच्या टोप्या घालायच्या आणि गळ्यात पुठ्ठा अडकवून ‘मी विशेषण आहे, मी नामाबद्दल जास्त माहिती सांगतो’ असं हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायचं. पस्तिशी उलटलेल्या बाईनं! शेजारी रिटायर व्हायला आलेले एक गुरुजी होते. त्यांच्या वाट्याला उभयान्वयी अव्यय आलं. दोन माणसांचे हात धरून ते मधे उभे राहिले आणि खरोखर रडकुंडीला आले. बाईंनी तिथंच ठरवलं, की हा तमाशा आपल्या वर्गात होणार नाही म्हणजे नाही.

व्याकरण शिकवायची त्यांची स्वतःची रीत होती आणि ती अगदी सरळ होती. सकाळी पहिल्या तासाला पोरांना उभं करायचं आणि ‘द्वितीया, स, ला, ते’ असं वर्ग दणाणेपर्यंत म्हणून घ्यायचं. चुकला की हात पुढं. बिरोबामाळच्या शाळेत वर्षानुवर्षं त्यांनी हेच केलं, आणि पोरांनी वर्षानुवर्षं सगळे प्रत्यय घडाघडा म्हणून दाखवून मग वहीत ‘मी गाईला पाणी पाजली’ असं लिहिलं. बाई वही टेबलावर आपटायच्या. पोरं खाली मान घालायची. दुसऱ्या दिवशी गाईला पुन्हा पाणी पाजली.

बिरोबामाळ ही कळसच्या पुढची, कॅनॉलच्या पलीकडची वस्ती. ज्यांच्या रानाला पाणी लागलं त्यांनी मेंढरं विकून ऊस लावला, ज्यांना लागलं नाही ते अजून मेंढरांमागं होते, आणि दोघंही बोलताना एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे बोलायचे. बाई कळसला खोली घेऊन राहायच्या. लग्न झालेलं नव्हतं. ते का झालं नाही याची चौकशी मात्र सगळ्या तालुक्यानं करून झाली होती, आणि प्रत्येक नव्या माणसाला बाई एकच उत्तर द्यायच्या, “तुम्हाला काय करायचंय?”

त्यांना जन्मात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे बारामतीला बदली. बारामतीत त्यांची आई, ताईबाई, एकटी होती. वडील, कचरूबापू, जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ अंबरनाथला नोकरीला, तो दिवाळीला यायचा आणि ‘आईकडं लक्ष दे’ असं बाईंनाच सांगून जायचा. आईचा एक डोळा गेलेला आणि दुसऱ्यात पडदा आलेला. बाईंनी तिला कळसला आणून बघितलं. पंधरा दिवसांत म्हातारीनं पिशवी भरली. “तुज्या हितं मला कोण हाय गं? माज्या दारात चार बाया तरी येत्यात,” म्हणाली आणि गेली. त्याच पावसाळ्यात स्टोव्ह पेटवताना तिचा पदर पेटला. शेजारणीनं घागर ओतली म्हणून निभावलं. तेव्हापासून बाईंना झोप लागायची नाही. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं त्या बारामती गाठायच्या आणि सोमवारी पहाटे परत यायच्या, आणि दर वर्षी बदलीचा अर्ज करायच्या. दर वर्षी तो कुठं जायचा देव जाणे.

त्या वर्षी मात्र अर्ज पुढं सरकला. जुलैत केंद्रप्रमुख साहेब शाळा तपासायला आले, बाईंचा तास मागं बसून ऐकला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “बाई, प्रशिक्षण कुणी घेतलं? पुठ्ठे कुठायत? गट कुठायत? बदलीच्या फाईलवर शेरा मी मारायचाय, विसरू नका.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेरा! बरं, तुमचा आनंद तर तुमचा आनंद. करून दाखवते. साफ फसेल, आणि मग सगळे गप्प बसतील. त्या शनिवारी त्यांनी बारामतीच्या कापडदुकानातून रिकामे पुठ्ठे मागून आणले, सुतळी आणली, आईच्या ओट्यावर बसून पुठ्ठे कापले आणि कापता कापता सरकारला इतक्या शिव्या घातल्या, की ताईबाई म्हणाली, “अगं, पुट्टा काप, बोट कापशील.”

सोमवारी वर्गाचे दोन गट केले. ‘अ’ आणि ‘ब’ म्हटल्याबरोबर ‘ब’मधली पोरं फुरंगटली. “आमी काय ढ हाय व्हय?” आता काय म्हणावं! बाईंनी भिंतीवरच्या चित्रतक्त्याकडं पाहिलं आणि हाताला लागतील ती दोन चित्रं पुठ्ठ्यावर काढली. एका गटाला विमान, एका गटाला कपबशी. झालं समाधान.

खेळ असा होता. एक पोरगं कर्ता, एक कर्म, एक क्रियापद. ज्याच्या गळ्यात क्रियापद, त्याच्या खिशात निरनिराळी शेपटं, म्हणजे ‘ला’, ‘ली’, ‘ले’ लिहिलेले तुकडे. समोरच्या गटानं कर्ता बदलला, बैल काढून गाय उभी केली, की ‘आला’नं आपलं शेपूट बदलून ‘आली’ व्हायचं. गटानं मदत करायची, पण ओरडून नाही. डोकी एकत्र करून कुजबुजायचं आणि सगळ्यांचं एकमत झालं की मगच शेपूट लावायचं. चूक निघाली तर समोरच्या गटाला गुण, पण का चुकलं ते सांगता आलं तरच.

पहिले आठ दिवस नुसता बाजार. सुतळ्या तुटल्या, ‘बैला’नं ‘गायी’ला ढकललं, कर्म रडायला लागलं. बाईंचा घसा बसला. ‘बघा, म्हणत नव्हते मी?’ असं स्वतःलाच बजावून त्या मनातल्या मनात खूश झाल्या.

आणि नवव्या-दहाव्या दिवशी काय झालं, तर बिरदेव नावाचा पोरगा, वस्तीवरच्या गेणबातात्यांचा नातू, ज्याच्या वहीतल्या गाई सगळ्यात जास्त पाणी प्यायल्या होत्या, तो मधेच उभा राहून म्हणाला, “बाई, हे कोकरं सोडल्यावानी हाय. मेंढरं रानातनं आली की कोकरं सोडायची. कितीबी गर्दी असू द्या, ज्येची त्येला आई घावतीया. ह्या ‘ली’ला गाय घावली बगा.” त्यानंतर सगळ्या वर्गाला एकाएकी कळायला लागलं. पोरं मधल्या सुट्टीत विटीदांडू सोडून वाक्यं करायला लागली. भांडणं व्हायची ती ‘पाजली’ का ‘पाजले’ यावरून. बाईंना इतका राग आला म्हणता! आपली एवढी वर्षं आणि एवढ्या छड्या पाण्यात गेल्या की काय? पण वह्या तपासताना लाल पेन नुसतंच हातात राहायला लागलं तेव्हा त्यांचं त्यांनाच हसू आलं. दिवाळीपर्यंत त्या स्वतःच वर्गात ‘चला, विमान! चला, कपबशी!’ म्हणून ओरडायला लागल्या होत्या.

आता पुढचं ऐका. जानेवारीत गावच्या सोसायटीची निवडणूक लागली. खतं आणि पीककर्ज सोसायटीतून मिळायचं, त्यामुळं सोसायटी ज्याची त्याचं गाव. एका पॅनेलचे पुढारी हिंदुराव, दुसऱ्याचे गेणबातात्या. चिन्हं वाटली निवडणुकीच्या साहेबानं, ठरलेल्या यादीतून. हिंदुरावांच्या पॅनेलला मिळाली कपबशी आणि गेणबातात्यांच्या पॅनेलला विमान. बाई ना गावात राहायच्या, ना पोस्टर वाचायच्या. सकाळी एसटीतून उतरून खाली मान घालून शाळेत, संध्याकाळी खाली मान घालून परत. त्यांना यातलं अक्षरही माहीत नव्हतं. आणि दैवाची खोडी अशी, की हिंदुरावांची नात छकुली बाईंच्या वर्गात विमान गटाची म्होरकी होती, आणि गेणबातात्यांचा बिरदेव कपबशीत.

पहिल्यांदा हिंदुराव आले. पांढरा फेटा, हातात काठी. दारातूनच म्हणाले, “बाई, आमच्या छकुलीला विमानातनं उतरवा.”

बाई शुद्धलेखन तपासत होत्या. “का? चांगली चाललीय की ती विमानात. सगळ्यांच्या पुढं आहे.”

“फुडं हाय म्हणूनच म्हणतोय. काल रातच्याला जेवताना ‘विमान जिंदाबाद’ म्हणाली. माझ्या घरात!”

“मग म्हणू दे की! घरी जाऊनसुद्धा व्याकरणाचंच बोलते, याचा आनंद माना.”

हिंदुरावांनी बाईंकडं टक लावून पाहिलं. बाई एवढ्या पोचलेल्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं. काठी आपटत निघून गेले.

चार दिवसांनी गेणबातात्या आले. ते हात जोडूनच आले. “बाई, बिरदेवला कपबशीतनं काढा. मला चावडीवर तोंड दावायची सोय न्हाय ऱ्हायली.”

“तात्या, कपबशीत वाईट काय आहे? थोडा कच्चा गट आहे, पण सुधारतोय. मार्चपर्यंत विमानाला गाठतील.”

“सुधारतोय?” तात्यांचा चेहरा पडला. “तुमच्या कानावर काय आलंय का, बाई?”

“कानावर कशाला यायला पाहिजे? मी स्वतः बघते ना रोज!”

मग रोज कुणी ना कुणी यायला लागलं. ह्याला उतरवा, त्याला बसवा. एक बाई तर पदरात शेंगा घेऊन आली आणि ‘लेकराला कुठंच बसवू नका, भुईवर बसवा’ म्हणाली. बाईंनी कपाळाला हात लावला. आजवर गाईला पाणी पाजली, तेव्हा एक पालक फिरकला नाही, आणि आता कर्ता-कर्म शिकवतेय तर साऱ्या गावाला व्याकरणाची पडलीय! मुख्याध्यापक मोहनराव शेजारच्या खोलीत बसून हे सगळं ऐकत होते आणि तपकीर ओढत होते. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

मतदान रविवारी, आणि केंद्र म्हणजे शाळाच. शनिवारी सकाळच्या शाळेत चुरशीची स्पर्धा झाली. गुण फळ्यावर लिहिले. बाराची एसटी चुकेल म्हणून बाई पिशवी उचलून पळाल्या आणि पळता पळता ओरडल्या, “फळा पुसा रे!” पुसतंय कोण? विमान जिंकलं होतं. छकुलीनं उलट खडू घेऊन खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘विमान पहिले! कपबशीने अजून मेहनत घ्यावी.’ आणि वर्गाला कडी लागली.

रविवारी सारा गाव त्या फळ्यासमोरून मतदानाला गेला.

सोमवारी बाई आल्या तेव्हा मोहनराव व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. हिंदुरावांचं पॅनेल थोडक्यात पडलं होतं. त्यांनी तालुक्याला तक्रार केली होती, की सरकारी शिक्षिकेनं मतदान केंद्रात फळ्यावर प्रचार केला, आणि महिनाभर लहान लेकरांना हाताशी धरून केला. हे सगळं ऐकताना बाई एकेक पायरी चढल्या आणि शेवटच्या पायरीवर मटकन बसल्या.

“सर, चिन्हं तुम्हाला माहीत होती?”

“म्हणजे काय, गावाला माहीत होती.”

“आणि तुम्ही मला बोलला नाहीत?”

“मला वाटलं,” मोहनरावांनी तपकिरीची डबी खिशात घातली, “तुमचं काहीतरी वरून असेल.”

“वरून? वरून कुठून? विमानातून?” बाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की चौथीचा वर्ग पाढे म्हणायचा थांबला. राग आला की त्यांच्या तोंडात घरची भाषा यायची. “आवो, मला काय करायचीया तुमची सोसायटी! माझी आई तितं आंधळी हून बसलीया!”

गुरुवारी चौकशीला केंद्रप्रमुख साहेब आले. आधी बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “फाईलवर मी चांगला शेरा मारलाय. नाव यादीत आहे. पण ही चौकशी वर गेली तर फाईल तिथंच बसणार. तुम्ही काय ते सांगा.” बाईंनी मान हलवली. सांगणार काय? ‘साहेब, तुम्हीच पुठ्ठे आणायला लावले’ हे? बाहेर व्हरांडाभर माणसं जमली होती. हिंदुराव एका खांबाला, गेणबातात्या दुसऱ्या खांबाला. साहेबांनी विचारलं, “बाई, विमान म्हणजे काय आणि कपबशी म्हणजे काय?”

बाईंनी एकदा सांगितलं. कुणाला पटलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. कुणीतरी मागून हसलं. मग मात्र त्यांचा संयम सुटला. “या सगळे आत. या! तोंडानं कळत नसंल तर हातानं कळंल.” त्यांनी पुठ्ठे काढले. गेणबातात्यांच्या गळ्यात ‘कर्ता’ अडकवला. मोहनराव दारात कुतूहलानं बघत होते, त्यांना ओढून ‘भाकरी’ केलं. आणि हिंदुरावांच्या फेट्यावरून सुतळी खाली सोडली : क्रियापद, ‘खा’. खिशात शेपटं कोंबली. साहेब काही बोलायच्या आत सगळं झालं.

“छकुली, सांग आबांना.”

छकुली पुढं आली. “आबा, तात्या भाकरी काय करतो? खा...तो. ‘तो’ लावा. तात्याच्या जागी काकी आली तर ‘ते’ लावायचं. क्रियापदानं कर्त्याचं ऐकायचं असतंय.”

हिंदुरावांचा चेहरा लाल झाला. “म्हंजे ह्यो गेणबा जसा असंल, तसं म्या बदलायचं?”

“व्हय.”

“न्हाय बदलणार! सोसायटी गेली तेवढी बास झाली.”

तेवढ्यात बिरदेवनं कपबशीतल्या पोरांना हातानं खुणावलं. चार डोकी एकत्र आली, कुजबुज झाली, आणि बिरदेवनं जाऊन आजोबांच्या पुठ्ठ्याला ‘ने’ चिकटवला. “आता तात्यानं भाकरी खाल्ली, आबा. कर्त्याला ‘ने’ लागला की तुमी त्याच्याकडं बगायचं कारण न्हाय. तुमी भाकरीकडं बगायचं.”

हिंदुरावांनी मोहनरावांकडं, म्हणजे भाकरीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “भाकरीचं ऐकाय माझी हरकत न्हाय,” म्हणाले आणि खिशातून ‘ल्ली’ काढून गळ्यात लावली. गेणबातात्या पहिल्यांदा हसले. मग साहेब, मग खिडकीत लटकलेली पोरं आणि मग सगळा व्हरांडा.

“आणि फळ्यावर लिहिलं कुणी?” साहेबांनी डोळे पुसत विचारलं.

“मी,” छकुली म्हणाली.

हिंदुरावांनी नातीकडं बघितलं, हातातली काठी भिंतीला टेकवली आणि कपाळ चोळलं. तक्रार त्याच दुपारी मागं घेतली. आता पुढं नेणार कशी? आरोपी घरातच निघाली. जाताना साहेब सहज सगळ्यांसमोर बोलून गेले, “सुटलात, बाई. आता तुमची बदली नक्की.”

बाईंना इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी गृहपाठसुद्धा दिला नाही. शनिवारी आईला सांगितलं. ताईबाईनं त्यांचा हात चाचपून धरला आणि सोडलाच नाही. “खरं का? सुनं सुनं लागतंय गं घर,” एवढंच म्हणाली.

इकडं बिरोबामाळला भलतंच शिजत होतं. त्या गावात बदली म्हणजे शिक्षा. तलाठ्याची झाली, ती पैसे खाल्ले म्हणून. ग्रामसेवकाची झाली, ती दारू पिऊन पडला म्हणून. स्वतःहून कुणी बदली मागतं, हे गावाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. ‘तुमची बदली नक्की’ हे ऐकलं आणि गाव धरून चालला, की आपल्या तक्रारीपायी बाईंचा बळी चाललाय. हिंदुरावांना जेवण जाईना. ते उठून गेणबातात्यांच्या घरी गेले. किती वर्षांनी, ते दोघांनाही आठवलं नसेल. दोन्ही पॅनेल एका सतरंजीवर बसली आणि ठरलं, की बाई जाता कामा नयेत. अर्ज कुणी लिहायचा? “पोरं लिवतील,” हिंदुराव म्हणाले. “बाईंनी शिकवलंय न्हवं?” बाईंना सांगायचं नाही, चकित करायचं, हेही ठरलं. मग सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे उमटवले, आणि दोन्ही पुढारी एकाच जीपमधून अर्ज घेऊन तालुक्याच्या साहेबांकडं गेले.

एप्रिलमध्ये बदल्यांची यादी लागली. बाई इंदापूरला पंचायत समितीत गेल्या. यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. नाव नाही.

“तुमची रद्द झाली, बाई,” कारकून हसून म्हणाला. “अभिनंदन! सगळ्या गावाचा अर्ज होता. आणि काय अर्ज हो! आमच्या टेबलावर एवढा शुद्ध कागद आजवर आला नाही. साहेबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, म्हणूनच तर काम झालं.” त्यानं कौतुकानं नक्कल पुढं सरकवली.

बाईंनी उभ्या उभ्या वाचली. ‘त्यांनी आम्हांस शिकवले. त्यांनी आम्हांस कधीही वेगळे मानले नाही. त्यांची बदली केल्यास आमचे नुकसान होईल.’ चूक शोधायची त्यांना एवढी तीव्र इच्छा झाली, की त्यांनी काना-मात्रा बोटानं तपासली. एक चूक निघाली नाही. अक्षर छकुलीचं, बांधणी बिरदेवची, आणि ‘नुकसान होईल’ ह्यावर नक्कीच सगळ्या वर्गानं डोकी एकत्र केली असणार. एका लेकरालासुद्धा विचारावंसं वाटलं नाही, की बाई, तुम्हाला काय पाहिजे? लेकरांचं जाऊ द्या. एवढ्या बाप्यांना? एवढ्या वर्षांत त्या गावानं त्यांना लग्नाचं विचारलं, पगाराचं विचारलं, जात विचारली. घरी कोण आहे, हे एकानं विचारलं नाही. बाई स्टँडवर येऊन बाकड्यावर बसल्या आणि त्यांना रडू आलं. रडतानाही संतापच जास्त होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरल्या तर पोरं ओळीत उभी, तोंडं फुललेली. शाबासकीची वाट बघत होती. बाईंनी पिशवी टेबलावर आपटली.

“कुणी सांगितला होता उपद्व्याप? मी मागितली होती बदली! मी! वर्षानुवर्षं मागतेय. माझी आई एकटी असते बारामतीला. तिला दिसत नाही. स्टोव्ह पेटवताना पेटली होती ती. माहितीय का तुम्हाला? कसं माहीत असणार! विचारलंय कधी?”

फुललेली तोंडं उतरली. मग मागून छकुली हळूच म्हणाली, “बाई, दुसरा अर्ज लिवायचा का?”

“लिहा,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच घोळ घातलाय, तुम्हीच निस्तरा. मी हात लावणार नाही.”

पोरं गटात बसली. पहिला अर्ज एका दुपारी झाला होता. हा काही होईना. पहिल्या दिवशी नुसतं ‘विषय’ लिहून झालं. दुसऱ्या दिवशी शाईचा डाग पडला म्हणून कागद फाडला. मग ‘विनंती’वर वाद निघाला, मग कुणाचं तरी पेन हरवलं. बाई टेबलाशी बसून बघत होत्या. पोरं डोकी एकत्र करायची आणि कुजबुजायची नाहीत, नुसती बसायची. “झालं का नाही अजून?” बाई खेकसायच्या. “हुतंय, बाई,” खालच्या मानेनं उत्तर यायचं. सुट्टी लागायला थोडे दिवस राहिले होते. बाईंना सगळं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्या जास्त खेकसत होत्या.

शेवटी शनिवारी शाळा सुटताना बिरदेवनं कागद आणून टेबलावर ठेवला आणि जागेवर न जाता तिथंच उभा राहिला. खाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या. आधी हिंदुराव आणि गेणबातात्यांच्या सह्या, एकाखाली एक. मजकूर थोडकाच होता. आधीचा अर्ज आम्ही माहिती न घेता केला, तो रद्द समजावा, बाईंना बारामतीला पाठवावे. आणि शेवटी : ‘त्यांची आई एकटी आहे. आम्ही सत्तावीस जण आहोत.’

“अर्जात असलं लिहितात का रे?” बाई ओरडल्या. “किती वेळा सांगितलंय, अर्जात मुद्द्याचं लिहायचं. खोडा ते शेवटचं.”

छकुलीनं पेन पाठीमागं धरलं होतं. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली, मग कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि बाराच्या एसटीसाठी निघाल्या. अर्ज तसाच वर गेला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई बारामतीला रुजू झाल्या होत्या.